माहिती निरंक

"मागच्या वर्षभरात तुम्ही घेतलेला, पूर्णपणे तुमचा स्वतःचा असा एक निर्णय या कागदावर लिहा," असं तो पोरगेला प्रशिक्षक म्हणाला, आणि चाळीस मुख्याध्यापकांच्या त्या हॉलमध्ये पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन आत्ताच खिडकीच्या गजांवर तापायला लागलं होतं. शेजारच्या खुर्चीतले खैरनार सर पिंपळगावकडच्या शाळेचे. ते पेनाचं टोपण दाताखाली धरून पुटपुटले, "लय अवघड पेपर काढला पोराने. पुस्तक उघडून लिहा म्हटला असता तरी सापडलं नसतं." मागून कुणी तरी म्हणालं, "सर, डबा कुठं बसून खायचा हे आम्हीच ठरवतो, ते चालेल का?" सगळे हसले. उज्वला बोरस्ते हसल्या नाहीत. त्यांनी सवयीने कागदाच्या माथ्यावर आधी 'श्री' काढला. शाळेतल्या साध्या रजेच्या अर्जावरसुद्धा त्या श्री काढत, मग खाली लिहीत. आताही हात थांबला नाही. श्रीच्या खाली दोन बोटं जागा सोडून हाताने आपला आपणच एक शब्द लिहिला, निरंक, म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, आणि त्याला खाली रेघसुद्धा मारली. खैरनार सरांनी मान लांब करून वाचलं. "बाई, तुम्ही तर एकदम खरं लिहून टाकलं! माझंही तेच समजा." तेव्हा त्या हसल्या, पण पोळी टाकताना बोट तव्याला लागावं आणि भाजल्याचं कळायला क्षण जावा, तसं काही तरी त्या हसण्याच्या मागून सावकाश वर आलं.

कारण सकाळी, सत्र सुरू व्हायच्या आधी, फोनवर यादी येऊन पडली होती. जिल्ह्यातल्या अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांची. उद्या अकरा वाजता समायोजनाचं शिबिर. यादीतल्या प्रत्येकाने हजर राहायचं, क्रमाने उभं राहायचं आणि ज्या शाळेत जागा रिकामी असेल ती मागून घ्यायची. सहावं नाव गांगुर्डे नवनाथ. त्यांच्याच शाळेचे गांगुर्डे सर, सहावी ते आठवीला गणित शिकवणारे, सोळा वर्षं त्याच वर्गांच्या ओळीत उभे राहिलेले. पट कमी भरला, तीन मुलं कमी पडली, म्हणून एक पद गेलं. पद गेलं म्हणून माणूस जास्तीचा झाला. गेले दोन महिने त्या सगळ्यांना हेच सांगत होत्या, काय करणार, पटच कमी झाला, आणि सांगताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पाऊस कमी झाल्याचं वाटावं तसं. आता समोरच्या कागदावरच्या त्या शब्दाकडे बघताना त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं की तीन मुलं कमी कशी पडली? वर्गात तर ती बसलेली होती.

त्यांनी फोन टेबलाखाली धरला आणि मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर तो शब्द शोधला. फोनने एका क्षणात त्यांचं अख्खं वर्ष खाली ओतलं. शाळाबाह्य विद्यार्थी, माहिती निरंक. प्राप्त तक्रारी, निरंक. दुरुस्तीची मागणी, निरंक. गळती होत असलेले छत, निरंक, आणि तेव्हा तर सातवीच्या वर्गात दोन बादल्या ठेवलेल्या होत्या. पण 'होय' लिहिलं की फोटो मागतात, फोटो दिला की अंदाजपत्रक मागतात, आणि छत मात्र गळतच राहतं, हे नऊ वर्षांच्या मुख्याध्यापकीत अंगवळणी पडलेलं. निरंक लिहिलं की ग्रुपवर एक अंगठा येतो आणि दिवस पुढे सरकतो. बोट वर वर सरकत राहिलं आणि ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी येऊन थांबलं. आधार जुळत नाही परंतु प्रत्यक्ष वर्गात उपस्थित आहेत अशा विद्यार्थ्यांची नावे पडताळणीसाठी दुपारी दोनपर्यंत कळवावीत, नसल्यास निरंक कळवावे, अन्यथा सर्वस्वी आपण जबाबदार. त्याखाली त्यांचं उत्तर. एक वाजून दहा मिनिटांनीच. मिनिटसुद्धा बदललेलं नव्हतं.

अशी मुलं अकरा होती. गांगुर्डे सरांनीच आणलेली. द्वारकेच्या चौकामागे ट्रान्सपोर्टची मोठी आवारं आहेत, तिथं हमाली करणाऱ्या आणि हंगामात टेम्पोत बसून द्राक्षाच्या पॅकहाऊसला जाणाऱ्या माणसांची ती मुलं. कुणाच्या कार्डावर जन्मसाल चुकलेलं, कुणाचे ठसेच उमटत नाहीत, कुणाचं कार्ड पेठकडच्या गावात राहिलेलं. सर सकाळी सहाला स्कूटर घेऊन त्या आवारात जात, एकेकाला हाका मारून उठवत. "मॅडम, यांना दप्तर घरी देऊ नका," असं त्यांनीच सांगितलं होतं, "घरी गेलं की त्यात कांदे भरतात." आणि ही अकरा मुलं मोजली गेली नाहीत म्हणून त्यांना आणणारा माणूस जास्तीचा झाला. उज्वलाबाईंनी फोन पालथा ठेवला. समोर प्रशिक्षक फळ्यावर त्रिकोण काढत होता.

त्या दिवशी, त्या एक वाजून दहा मिनिटांनी, आपण काय करत होतो हे त्यांना आठवायला नको होतं, आणि ते इतकं स्वच्छ आठवलं की हातातल्या तुळशीच्या माळेच्या वासासकट समोर आलं. त्या जप करत होत्या. मुख्याध्यापक झाल्या त्या वर्षी त्यांनी नेम धरला होता: मधल्या सुट्टीत ऑफिसचं दार लोटून घ्यायचं, पूर्वेला तोंड करायचं आणि एक माळ शाळेसाठी ओढायची. स्वतःसाठी नाही, घरासाठी नाही. घराचे नेम घरी, चतुर्थी, गुरुवार, संध्याकाळचा दिवा. ही माळ फक्त शाळेसाठी, इथल्या लेकरांना आणि शिकवणाऱ्यांना काही कमी पडू नये म्हणून. नऊ वर्षांत एकदाही मोडली नव्हती. सहलीला गेल्या तरी बसमध्ये पदराआड ओढली. सुलाबाई, शाळेची सेविका, दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि कुणी आलं की हळू आवाजात सांगायची, "बाई देवाशी बोलून ऱ्हायल्या, थांबा जरा." त्या दिवशी माळ निम्म्यावर आली असताना टेबलावर फोन थरथरला. उजव्या हाताच्या बोटांत मणी तसाच धरून त्यांनी डाव्या हाताने फोन ओढला, 'दुपारी दोनपर्यंत' एवढंच वाचलं, 'जबाबदार' एवढंच वाचलं, आणि डाव्या अंगठ्याने 'मा' लिहिलं. पुढचं फोननेच सुचवलं. ओठांवर नाम चालूच होतं. मणी निसटला नाही. माळ पुरी झाल्यावर त्यांनी ती डोळ्यांना लावली होती, आणि त्यांना बरं वाटलं होतं. एवढी गडबड असून नेम मोडला नाही म्हणून.

"शाळा ही कारखान्यासारखी घट्ट बांधलेली संस्था नसते," प्रशिक्षक सांगत होता. त्याचं नाव सार्थक. पुण्याहून आलेला, मऊ बोलणारा, तिशीचाही नसेल. "परदेशातल्या अभ्यासकांनी म्हटलंय, शाळा म्हणजे सैल सांध्यांची रचना. एका खोलीत धक्का बसला तर शेजारच्या खोलीत हलेलच असं नाही. मुख्याध्यापक ऑफिसात काहीही ठरवो, वर्गाचं दार लागलं की आत शिक्षक स्वतंत्र. म्हणून लीडरने काय समजून घ्यायचं?" काय समजून घ्यायचं ते तो इंग्रजीत लिहीत गेला आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं. उज्वलाबाईंनीही उतरवलं. त्यांना वाटलं, आपल्या शाळेचे सांधे सैलच आहेत. बादल्या ठेवाव्या लागतात हे वरच्या ऑफिसात कुणाला कधी कळलं नाही, आपण किती तरी वेळा खरं लिहिलं तरी काही हललं नाही. मग नेमका हाच एक सांधा इतका घट्ट कसा निघाला, की डाव्या हाताचा अंगठा जरासा हलला आणि दोन भिंतींपलीकडे फळ्याशी उभा असलेला माणूस खाली पडला? त्यांना सासूबाईंची आठवण झाली. स्वयंपाक करताना मीठ घातलं की नाही याचा संशय आला की त्या कधीच चाखून बघत नसत. नैवेद्याआधी चाखायचं नाही. अंदाजाने पुन्हा घालत, आणि मग खारट भाजी सगळे मुकाट्याने खात, कारण ती देवाने आधी खाल्लेली असे.

जेवणाच्या सुट्टीत सगळे ताटांसाठी रांग धरून उभे राहिले तेव्हा त्या सार्थकपाशी गेल्या. त्या कधी कुणाला थांबवून बोलत नसत. आवाजही इतका हळू, की त्याला वाकावं लागलं.

"सर, एक विचारायचं होतं. संस्थेत एखाद्याकडून चूक झाली, तर ती कुणाची धरायची?"

त्याचा चेहरा उजळला. असा प्रश्न त्याला बहुधा पहिल्यांदाच आला असावा. "फार छान विचारलंत मॅडम. चूक माणसाची धरायचीच नाही. चूक रचनेची असते. एकावर एक चाळण्या ठेवल्यात असं समजा. सगळ्यांची भोकं एका रेषेत आली की खडा खाली पडतो. शेवटच्या चाळणीला दोष देऊन काय उपयोग?"

"पण शेवटची चाळणी तिथं होती ना."

"होती. पण तुम्ही स्वतःला माफ करायला शिका, मॅडम. लीडरशिपमध्ये ते फार महत्त्वाचं आहे." आणि मग जरा घाबरून, "म्हणजे तुमचं काही असेल तर."

माफ करायला शिका. त्यांनी मान डोलावली आणि ताट घेतलं, पण गुरुवार होता, त्यांना जेवायचं नव्हतं. ताटात दोन केळी घेऊन त्या कडेला बसल्या. त्यांच्या लहानपणी आई दर एकादशीला देवासमोर बसून, न कळत झालेलं पोटात घे, असं म्हणायची, आणि तेव्हा त्यांना वाटायचं, न कळत झालेलं म्हणजे पायाखाली मुंगी आलेली. मुंगीची माफी देवाकडे मागता येते. पण नेम करताना घडलेल्याची माफी ज्याचा नेम त्याच्याकडेच कशी मागायची? त्या माळेचं पुण्य झालं असेल तर ते आता कुठे जमा आहे, आणि कुणाच्या नावावर? हे त्यांना कुणाला विचारता येत नव्हतं. या पोराच्या फळ्यावर चुकीला धनीच नव्हता, आणि त्यांच्या देव्हाऱ्यात धन्याशिवाय चूक नव्हती, आणि या दोहोंच्या मध्ये त्या केळ्याचं साल हातात धरून बसल्या होत्या.

दुपारच्या सत्राची सही करून त्या उठल्या. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. रिक्षाने जिल्ह्याच्या शिक्षण विभागाच्या ऑफिसात गेल्या. संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या टेबलावर चिमाजी नावाचे वयस्क लिपिक होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. बाईंनी हाताने लिहिलेला अर्ज पुढे केला. त्यात सरळ लिहिलं होतं, माहिती माझ्या दुर्लक्षामुळे चुकीची दिली गेली, अकरा विद्यार्थी वर्गात हजर होते व आहेत, दोष सर्वस्वी माझा, शिक्षकाचा नाही. आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलून अर्ज दोनदा वाचला.

"बाई, हे मी घेऊ कशात?"

"म्हणजे?"

"म्हणजे फाईल कुठली? पोर्टल नोव्हेंबरात बंद झालं. हरकत घ्यायची मुदत डिसेंबरात संपली. चूक कबूल करायची काही नस्तीच नाही ना आपल्याकडे." ते थट्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. मग त्यांना बाईंच्या चेहऱ्याची दया आली असावी. "बसा. पाणी प्या. उपास दिसतोय. अहो, तुम्ही एकट्या का आहात? त्या दुपारी बहात्तर शाळांचं निरंक आलंय. बहात्तर! मी स्वतः गोळा केलं. दोन वाजता वर पाठवायचं होतं, मीही वाचलं नाही की अहो, आधार न जुळणारं एकही पोर नाही असं होईलच कसं जिल्ह्यात."

"मग सगळ्यांनी मिळून लिहून दिलं तर?"

"तर वरून विचारतील, तेव्हा का नाही लिहिलं. आणि तुमची एक वेतनवाढ जाईल. गांगुर्डे सरांचं पद काही परत येणार नाही. पद गेलं ते गेलं." त्यांनी अर्जाची नीट घडी घातली आणि परत दिला. "घरी देवाजवळ ठेवा."

बहात्तर. रिक्षा द्वारकेच्या चौकात अडकली तेव्हा त्या आकड्याने त्यांना आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच किळस आली. चारी बाजूंनी ट्रक, डोक्यावर पुलाची सावली, कांद्याच्या गोण्यांचा उग्र कोंदट वास. बहात्तर ऑफिसांत बहात्तर जण, कुणी चहा पीत होता, कुणी लेकराचं नाक पुसत होतं, कुणी नुसतंच खिडकीबाहेर बघत होतं, आणि सगळ्यांचा अंगठा एकाच वेळी हललेला. मग त्यांचा जप तरी वेगळा कसा? चहा पिणाऱ्याइतकाच तो. नऊ वर्षं त्या समजत होत्या की त्या दाराआड शाळेला धरून बसल्या आहेत. प्रत्यक्षात त्या फक्त दार लोटून बसल्या होत्या. चूक एकट्या त्यांची असती तर निदान ती तरी आपली म्हणता आली असती. पण तीही कुणी घेत नव्हतं, ठेवायलाही जागा नव्हती. एकच माणूस उरला होता ज्याच्या हातात ती देता येईल. त्याला सांगायचं. तो रागावेल, बोलेल, कदाचित ओरडेल. ओरडूदे. त्यासाठी त्या रिक्षात ताठ बसून वाक्य जुळवत राहिल्या: सर, ते पद माझ्यामुळे गेलं. मी वाचलं नाही. मी वाचलंच नाही.

शाळा सुटली होती. सुलाबाई वऱ्हांडा झाडत होती. गांगुर्डे सर सातवीच्या वर्गात कपाट रिकामं करत होते. शेचाळीस वर्षांचे, उंच, पाठीत जरा वाकलेले, बाह्या दुमडलेल्या. टेबलावर भूमितीचे लाकडी कोन, खडूचे डबे आणि अकरा दप्तरं ओळीने.

"या मॅडम. प्रशिक्षण लवकर सुटलं? काय शिकवलं?"

"सर, मला तुमच्याशी बोलायचंय. ऑक्टोबरमध्ये ग्रुपवर एक माहिती मागवली होती, आधार न जुळणाऱ्या मुलांची..."

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

त्यांचं जुळवलेलं वाक्य मागे पडलं.

"त्याच दिवशी कळलं. दुसऱ्या शाळेतल्या मित्राने दाखवलं, अरे तुझ्या मॅडमने निरंक टाकलंय. पहिल्यांदा फार राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस जेवलो नाही धड. घरी रोहिणी म्हणाली, जाऊन विचारा ना सरळ. तुमच्या ऑफिसापर्यंत आलोही होतो, पण दार लोटलेलं, सुलाबाई बाहेर. मग तिथंच उभा राहिलो आणि डोक्यात प्रकाश पडला." ते खडूचा डबा उगाच उघडबंद करत होते. "नावं कळवली असती तर पडताळणीला पथक आलं असतं. कागद मागितले असते. या अकरा जणांच्या बापांकडे कागद आहेत का? धाकानेच पोरं पाठवायची बंद केली असती त्यांनी. मागे एकदा झालंय तसं. तुम्ही पोरं ठेवली आणि पद सोडलं. मॅडम, सोळा वर्षांत मी कुणालाच असं ठरवताना बघितलं नाही. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही बोललो नाही. तुम्हाला काय वाटत असेल ते मला दिसत होतं."

बाहेर झाडू थांबला, पुन्हा सुरू झाला. उज्वलाबाई बाकाच्या कडेला टेकल्या. त्यांना सरांच्या चेहऱ्याकडे बघवेना, कारण तो शांत होता. सोळा वर्षं एका जागी राहून ती जागा सोडणाऱ्या माणसाचा चेहरा इतका शांत नसतो. या शांतपणावर तो साडेचार महिने उभा होता. त्याच्या जोरावर बायकोला समजावलं असेल, म्हाताऱ्या आईला समजावलं असेल, सकाळी सहाला स्कूटरला किक मारली असेल. आणि तो शांतपणा त्यांनी दिलेला नव्हता, तरी त्यांच्याच नावाचा होता. खरं सांगितलं तर चूक त्यांना परत मिळेल, आणि या माणसाच्या पायाखालची एवढीशी जमीन जाईल. त्याला कळेल की तो कशासाठीच गेला नाही. नुसता गेला.

"खरं ना मॅडम? तेच केलंत ना तुम्ही?"

त्या आयुष्यात फार थोडं खोटं बोलल्या होत्या. व्रताच्या दिवशी तर कधीच नाही.

"हो," त्या म्हणाल्या.

सर हसले. पहिल्यांदाच नीट हसले. "मी रोहिणीला म्हणालोच होतो. बरं झालं विचारलं. कारण उद्याचं मला ठरवायचं होतं. यादीत मी सहावा आहे. शहरात दोनच जागा उरल्यात असं ऐकतोय. माझा नंबर येईपर्यंत त्यातली एक राहील, पंचवटीतली. माझ्यामागे सातव्या नंबरला एक बाई आहेत, मूल आठ महिन्यांचं. त्यांना मग इगतपुरीच्या वरच्या गावांतली जागा येणार. पावसात तिथं चार महिने रस्तासुद्धा दिसत नाही. मी विचार करत होतो, माझा हक्क मी का सोडू? सोडणार नव्हतो. पण आता वाटतं, तुम्ही एवढं केलंत. मग मला का जमू नये? मी इगतपुरीच मागतो. पंचवटीची त्या बाईंना राहील."

"नाही, सर," उज्वलाबाई उठल्या. "असं करू नका. आई आहे तुमची. तुमचा हक्क आहे तो."

"त्या पदावर तुमच्या शाळेचाही होताच की." ते दप्तरं एकेक करून पुन्हा कपाटात टांगत होते. "तुम्ही कुणाला विचारलंत? नाही ना. मग मलाही आता विचारू नका."

अजून वेळ होता. दोन वाक्यं, फार तर तीन. त्यांनी ती मनात म्हणून पाहिली आणि ती बरोबर होती, खरी होती, आणि ती ऐकल्यावर हा माणूस उद्या पंचवटी मागेल, आईजवळ राहील, आणि रोज सकाळी उठून या शाळेच्या दिशेला पाठ करून जाईल. हेच बरं नाही का? त्यांना कळेना. चांगलं कशाला म्हणायचं हे त्यांना रोज कळत होतं, सकाळी आंघोळीपासून रात्रीच्या दिव्यापर्यंत, आणि आता पाच वाजता, खडूच्या धुळीत, कळेना. बोलायचं ते सरांच्या भल्यासाठी की आपल्यावरचं ओझं उतरावं म्हणून? गप्प राहायचं ते त्याच्या समाधानासाठी, की तो आपल्याकडे पुन्हा कधी अशा नजरेने बघणार नाही म्हणून? हे दोन धागे त्यांनी सोडवायला घेतले, आणि तोवर सरांनी कपाट लावलं, किल्ली टेबलावर ठेवली, बाह्या सरळ केल्या.

ते वऱ्हांड्यातून चालत गेले. सुलाबाईने झाडू बाजूला धरला. "जाता का सर? उद्या येनार ना?" "उद्या शिबिर आहे, सुलाबाई." "मग परवा?" ते तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. उज्वलाबाई पायऱ्यांपर्यंत आल्या. सरांनी हेल्मेट घातलं, स्कूटर स्टँडवरून उतरवली. बाईंचे ओठ हलले. आवाज मुळातच हळू, आणि इंजिन सुरू झालेलं.

सरांनी हेल्मेटची काच वर केली. "काही म्हणालात मॅडम?"

"नाही," त्या म्हणाल्या. "सावकाश जा."